घरातली मारहाण: नागपुरात ११२ च्या फोनपासून कोर्टाच्या आदेशापर्यंत

मारहाण चालू असेल तर पहिला फोन ११२ ला. या सेवेचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे. त्यामुळे 'मानेवाड्यात पाण्याच्या टाकीजवळ' एवढ्यावर फोन उचलणाऱ्याला घर सापडेलच असं नाही. प्लॉट नंबर, ले-आऊटचं पूर्ण नाव (सुभेदार की न्यू सुभेदार), जवळचा चौक आणि हद्दीतलं पोलीस ठाणं सांगा. मग मारणाऱ्याच्या हातात शस्त्र आहे का, तो प्यायलेला आहे का, घरात लेकरं आहेत का, हे सांगा. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा.

शेजाऱ्यांनीही हा फोन करावा. सासरच्या छळाचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ८५) मात्र त्या बाईच्या किंवा तिच्या नात्यातल्या माणसाच्या तक्रारीवरच नोंदवला जातो, शेजाऱ्याच्या नाही. पण २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारनं नेमलेला अधिकारी) कुणीही कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही.

चार्लीची, म्हणजे गस्तीच्या पोलिसांची, गाडी दारात आली की सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. शिपाई बैठकीत उभं राहून, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर विचारतो, "काही तक्रार आहे का बाई?" बाई मान खाली घालून "नाही" म्हणते, आणि 'समज दिली' एवढी नोंद होऊन गाडी परत जाते. पोलिसांनी आधी दोघांना वेगळं करायला हवं. एकानं त्याला अंगणात न्यावं, दुसऱ्यानं तिच्याशी त्याला ऐकू जाणार नाही अशा जागी बोलावं, आणि लेकरं कुठं आहेत ते डोळ्यांनी पाहावं. ते तसं करत नसतील तर एकच वाक्य बोला: "मला बाजूला बोलायचं आहे."

गळा दाबला असेल तर तो शब्द तसाच उच्चारा. 'धक्काबुक्की झाली' म्हणू नका. गळा दाबल्यावर बाहेर वळ उठेलच असं नसतं, आतली इजा मात्र जिवावर बेतू शकते आणि त्रास काही तासांनी, कधी दिवसांनीही सुरू होतो. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, काही क्षण शुद्ध जाणं, कपड्यांत लघवी होणं: यातलं जे झालं ते डॉक्टरला आणि पोलिसांना, दोघांनाही सांगा. लाज वाटते म्हणून शेवटची खूण बहुतेक बायका सांगत नाहीत, आणि नेमकी तीच महत्त्वाची असते. प्रसंग पाहून इथे हत्येच्या प्रयत्नाचं कलम १०९ लागू शकतं. ज्यानं एकदा गळा धरला त्याच्या घरी त्या रात्री परत जाऊ नका.

पोलिसांकडून मेडिकल यादी (तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पत्र) घेऊन मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात जा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद, करून घ्या. कशानं मारलं, कुणी मारलं, हे डॉक्टरच्या कागदावर आलं पाहिजे. 'पायरीवरून पडले' असं एकदा लिहिलं गेलं की पुढे खटल्यात तोच कागद आडवा येतो. घटना अहवाल (घरगुती हिंसाचार कायद्याखाली भरायची मारहाणीची नोंद) आधी झालेला नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उमटतात, तेव्हा पुन्हा फोटो काढा. ज्या मोबाईलवर फोटो किंवा रेकॉर्डिंग आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका.

ठाण्यात काय नोंदवलं जातं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. साधी दुखापत, शिवीगाळ आणि धमकी अदखलपात्र असतात. त्यांची एन.सी. होते, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हाड मोडलं, दात पडला, हत्यारानं मारलं किंवा हुंड्यासाठी छळ चालू असेल तर प्रकरण दखलपात्र होतं. म्हणून जबाबात फक्त कालची थप्पड सांगू नका. पहिली मारहाण कधी, पैसे कुणी, किती आणि कितीदा मागितले, कुणासमोर, हे क्रमानं सांगा. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. प्रत मोफत मिळते. ठाणेदारानं नोंदच नाकारली तर शहरात परिमंडळाच्या उपायुक्तांकडे, उमरेड-काटोलसारख्या ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार स्पीड पोस्टानं पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांचा मार्ग आहे.

'गुन्हा नोंदवला, मग अटक का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज का आहे हे अधिकाऱ्याला लिहावं लागतं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस दिली जाते. तुम्हाला कशाची भीती आहे, कोणती धमकी कोणत्या दिवशी दिली, हे जबाबात असेल तर अधिकाऱ्याच्या हाती ते कारण येतं.

भरोसा सेलला, म्हणजे पोलिसांच्या समुपदेशन कक्षाला, पाठवलं तर जा, समुपदेशनानं काही घरं सावरतातही. पण अंगावर जखम असताना 'आधी समुपदेशन, मग बघू' हे मान्य करू नका.

पुढची मारहाण रोखायला दोन हत्यारं आहेत. एक, चॅप्टर केस: शांतता राखण्याचा बाँड, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. शहरात ही कारवाई सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालते. दुसरं आणि जास्त कामाचं, २००५ च्या कायद्याखालचा संरक्षण आदेश. संरक्षण अधिकारी घटना अहवाल भरून अर्ज न्यायालयात नेतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असो. या कायद्याची माहिती देणं हे कलम ५ नुसार पोलिसांचं काम आहे, उपकार नाही. परिस्थिती तातडीची असेल तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश होऊ शकतो, तो वकिलाला आवर्जून मागायला सांगा. 'घर सासऱ्याच्या नावावर आहे, निघ' असं ऐकून निघू नका. 'सामायिक घर', म्हणजे ज्यात राहण्याचा बाईला कायद्यानं हक्क आहे ते घर, नातेवाइकाच्या मालकीचंही असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. रात्र काढायला जागा नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करून सखी वन स्टॉप सेंटर या आसऱ्याच्या जागेबद्दल विचारा.

संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश ठाण्यात पोचलाच नाही तर मात्र रात्री आलेला शिपाई ते नवरा-बायकोचं भांडण समजून परत जातो. न्यायालय ठाण्याला प्रत पाठवतं, तरी तिच्या भरवशावर राहू नका. आपली प्रत स्वतः ठाण्यात नेऊन द्या, झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या, आणि ती झेरॉक्स घरात न ठेवता माहेरी किंवा शेजारच्या ताईकडे ठेवा.