नॅचरल शॅम्पू बाधला? ग्रुपवर बोंब मारायच्या आधी एवढं करून ठेवा

ग्रुपवर कंगव्यातल्या गुंतवळाचा फोटो पडला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पाच मिनिटांत दहा जणी "अगं माझं पण असंच झालं" म्हणतात, कुणी कंपनीला शिव्या घालतं, कुणी कांद्याचा रस सुचवतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांचे फोटो येतात आणि विषय संपला, कंपनीला काडीचाही फरक पडत नाही. बोंब मारू नका असं नाही म्हणत मी, जरूर मारा, पण हातात कागद असला तर त्या बोंबेला वजन येतं. म्हणून इंदूरमध्ये बसून एखाद्या "हर्बल", "नॅचरल", "केमिकल फ्री" वाल्या केसांच्या ब्रँडशी भांडायचं असेल तर काय काय करायचं ते लिहितेय.

आधी डोकं सांभाळा, भांडण नंतर. खाज, आग, पुरळ, पापण्या सुजणं यातलं काही दिसलं की साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि वरून खोबरेल, कोरफड, दही असलं काही थापू नका, कारण मग कशाने काय झालं ते डॉक्टरलाही कळत नाही. डोळे सुजून बंद होत असतील किंवा श्वास लागत असेल तर थेट इमर्जन्सी, एमवाय हे सरकारी हॉस्पिटल जवळ असेल तर एमवाय, नाहीतर जे जवळ असेल ते. एरवी त्वचारोगवाल्या डॉक्टरकडे जाताना बाटली सोबत न्या आणि चिठ्ठीवर प्रॉडक्टचं नाव लिहून द्या असं स्पष्ट सांगा. नुसतं "ॲलर्जी" लिहिलेल्या चिठ्ठीचा पुढे काही उपयोग होत नाही. "अमुक शॅम्पू वापरल्यावर दोन दिवसांनी पुरळ" असं लिहिलेली चिठ्ठी असेल तर पुढचं निम्मं काम तिथेच झालं समजा.

आणि बाटली फेकू नका. रागाच्या भरात सगळ्यात आधी तीच कचऱ्यात जाते, आणि आपल्या इंदूरची कचरागाडी रोज दारात येते, म्हणजे पुरावा संध्याकाळपर्यंत गेलाच. उरलेलं प्रॉडक्ट आहे तसं, झाकण घट्ट लावून, उन्हात नाही आणि बाथरूममध्येही नाही, कपाटात ठेवून द्या. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, लायसन्स नंबर, एमआरपी हे सगळं वाचता येईल असे फोटो काढा, कारण बॅच नंबर बहुतेक वेळा बुडाला नाहीतर मानेवर फिक्या शाईत छापलेला असतो आणि ओल्या हाताने तो पुसला जातो. त्याच बॅचची एखादी सीलबंद बाटली घरात असेल, किंवा एकावर एक फ्री मध्ये आली असेल, तर तिला हातही लावू नका. उघडलेल्या बाटलीबद्दल कंपनी म्हणू शकते की तुम्हीच त्यात काही मिसळलं असेल, सीलबंद बाटलीबद्दल तसं म्हणता येत नाही.

आता एक कडू गोष्ट, पण सांगायलाच हवी. दरवेळी गुन्हेगार शॅम्पूच असतो असं नाही. खाज, आग, पुरळ हे प्रॉडक्ट लावल्यावर लगेच किंवा दोन-चार दिवसांत येतं, पण मुळासकट भसाभस केस गळणं हे बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांपूर्वी झालेल्या गोष्टीमुळे असतं, म्हणजे डेंगू, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, किंवा लग्नाआधी केलेलं ते भयंकर डाएटिंग. दिवसाला 50 ते 100 केस तर सगळ्यांचेच गळतात. शिवाय पाणी बघा, नर्मदेचं पाणी कमी पडलं की आपण बोरिंगवर किंवा टँकरवर येतो, आणि बोरिंगचं जड पाणी कुठलाही शॅम्पू नीट धुऊ देत नाही, केस राठ होतात, तुटतात. कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, त्यामुळे आधी स्वतःलाच विचारून घ्या. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून गळलाय, नाही दिसली तर मधून तुटलाय, एवढं तर घरीही बघता येतं.

मग लेबल वाचायला बसा, चष्मा लावून. समोरच्या बाजूला कांदा, आवळा, माका, जास्वंद यांची चित्रं असतात, ती बघूच नका, बाटली उलटी करा. नियमाप्रमाणे जे जास्त ते आधी अशा क्रमाने घटक लिहावे लागतात, फक्त 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. आता फिनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्वेटिव्ह शोधा, खूप शॅम्पूंमध्ये असतं आणि त्याची मर्यादाच 1 टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतर जे जे लिहिलंय ते सगळं 1 टक्का किंवा त्याच्याही खाली. कांद्याच्या शॅम्पूत कांदा, म्हणजे ॲलियम सेपा, बघा कुठे येतो ते. बऱ्याचदा पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन, सुगंध, फिनॉक्सीइथेनॉल आणि मग कांदेबुवा सगळ्यात मागे उभे. तेलाचंही तेच, पुढे भृंगराज, म्हणजे माका, आणि मागे पहिलंच नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे मिनरल ऑइल. मिनरल ऑइल काही विष नाही, माझं त्याच्याशी भांडण नाही, भांडण माक्याचे पैसे घेऊन पॅराफिन विकण्याशी आहे.

काळ्या मेंदीवर जरा थांबते कारण त्यात खरा धोका आहे. निव्वळ मेंदीचा रंग केशरी-तांबडाच येतो, काळा कधीच येत नाही. काळा हवा तर मेंदीनंतर वेगळी नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड (कपड्यांची नीळ नव्हे), लावावी लागते आणि वेळ जातो. त्यामुळे एकाच पुडीत अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणारी "हर्बल" मेंदी असेल तर त्यात पीपीडी नावाचं रंगाचं केमिकल असण्याची दाट शक्यता धरूनच चाला. पीपीडीची ॲलर्जी असेल तर कपाळ, कान, डोळे असे सुजतात की घरचे घाबरतात, आणि गेल्या वेळी काही झालं नव्हतं याचा अर्थ या वेळी होणार नाही असा नाही. पीपीडी असलेल्या डायवर चाचणीची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावा, 24 तास थांबा, मग डोक्याला. भुवया आणि पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो, हीसुद्धा छापावी लागणारी ओळ आहे. पुडीवर हे नसेल आणि आत पीपीडी निघालं तर तुमची केस एकदम मजबूत.

लेबलवर आणखी एक बघायचं ते म्हणजे माल कॉस्मेटिक म्हणून बनलाय की आयुर्वेदिक औषध म्हणून. लायसन्स वेगळं, तक्रारीचं दारही वेगळं, कॉस्मेटिकसाठी मध्यप्रदेशचं खाद्य एवं औषधि प्रशासन, म्हणजे ड्रग इन्स्पेक्टर, आणि आयुर्वेदिकसाठी आयुष विभाग. औषध म्हणून विकत असतील तर टक्कल बरं करतो, नवे केस उगवतो असा दावा करताच येत नाही, तसल्या दाव्यांची यादीच आहे, ड्रग्ज रूल्सचं शेड्यूल जे.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा: आपला राग नेमका कशाचा? इजा झाली म्हणून, खोटं सांगितलं म्हणून, की ब्रँड आपला राहिला नाही म्हणून? तिसऱ्या रागाला कायदा नाही. अमेरिकेत शीया मॉइश्चर हा ब्रँड कृष्णवर्णीय बायकांनी मोठा केला, आणि 2017 च्या एप्रिलमध्ये जाहिरात आली तर तिच्यात बहुतेक गोऱ्या बायका, इतका गदारोळ झाला की कंपनीने माफी मागून जाहिरात काढून घेतली. मिएल ऑरगॅनिक्स या तसल्याच ब्रँडचं 2023 च्या जानेवारीत झालं, रोझमेरीच्या तेलाला टिकटॉकवर गोऱ्या मुलींची गर्दी, त्यातच कंपनी पी अँड जीने विकत घेतली, आणि जुन्या गिऱ्हाइकांना भीती की आता फॉर्म्युला बदलणार. अशा वेळी बाटली घेणं बंद करा, चार जणींना सांगा, तेवढंच आपल्या हातात, कोर्टाबिर्टाच्या फंदात पडू नका.

इजेचं मात्र वेगळं. वेन नावाचा फेस न येणारा क्लीन्झिंग कंडिशनर होता, नॅचरल म्हणून टीव्हीवर विकला जायचा, अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषध-कॉस्मेटिकवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, 2016 पर्यंत थेट आलेल्या तक्रारी 127, आणि तपासात कळलं की कंपन्यांकडे 21,000 हून जास्त तक्रारी पडून होत्या! तेव्हाच्या कायद्यात त्या सरकारला कळवायची सक्तीच नव्हती, गंभीर इजेपुरती ती 2022 च्या कायद्याने आली. शेवटी 2 कोटी 62 लाख डॉलरच्या वर तडजोड झाली, चूक कबूल न करता. म्हणून सांगते, नुसतं कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकून बसू नका, ते त्यांच्याच कपाटात राहतं.

पण सुरुवात कंपनीपासूनच करायची, आणि लेखी. फोनवर गोड बोलतात आणि नंतर रेकॉर्ड सापडत नाही. मेल हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, मजकूर साधारण असा: "अमुक तारखेला तुमचा शॅम्पू, बॅच नंबर अमुक, विकत घेतला, बिल सोबत आहे. अमुक तारखेला पहिल्यांदा वापरला, अमुक तारखेला कानामागे आणि मानेवर पुरळ आलं, फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. बाटलीवर शंभर टक्के नॅचरल लिहिलंय त्याचा आधार पाठवा. बाटलीची किंमत आणि उपचाराचा खर्च परत करा, 15 दिवसांत लेखी उत्तर द्या." बस. "तुमच्यामुळे माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं" वगैरे नको, आपल्याकडच्या बायका इथे भावुक होतात आणि बॅच नंबर लिहायचा राहतो.

दुकानातून घेतलं असेल तर पक्कं बिल मागा, जुनं असलं तरी. राजवाड्याजवळचा असो की सियागंजचा, दुकानदार म्हणणार "भिया, कंपनी का माल है, हम क्या करें", तर ते ऐकून घ्या आणि बिल घेऊनच निघा. ऑनलाइन घेतलं असेल तर ॲपच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला, लिहा, त्यांनी 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाली काढायचं असा नियम आहे. आणि हो, कंपनी कूपन देऊन रिव्ह्यू काढायला सांगेल, किंवा "फुल अँड फायनल" लिहिलेलं काहीतरी पाठवून ओके म्हणा म्हणेल, तिथे ओके टाइप करू नका. बाटली तपासायला मागितली तर सगळी देऊ नका, थोडं स्वतःकडे ठेवा आणि देताना फोटो काढा.

उत्तर नाही आलं की 1915, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, व्हॉट्सॲप 8800001915. हे लोक निकाल देत नाहीत, कंपनीशी मध्यस्थी करतात, पण फुकट आहे आणि पुष्कळदा रिफंड तिथेच मिळतो. जाहिरात खोटी वाटली तर ॲस्कीला, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला, 7710012345 वर तिचा स्क्रीनशॉट पाठवा. "नॅचरल", "ऑरगॅनिक" असले शब्द पर्यावरणाच्या नावाने आधाराशिवाय वापरायचे नाहीत अशा गाइडलाइन्स 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आल्या आहेत, आणि खोट्या जाहिरातीला ग्राहक प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं.

तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी मुंबईची असो की गुरुग्रामची, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे इंदूरलाच केस टाकता येते, वकील लागत नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो, आणि खरेदी 5 लाखांपर्यंतची असेल तर फी शून्य. मुदत 2 वर्षं. आयोग बाटली लॅबला पाठवू शकतो. तपासणी लागत असेल तर 5 महिन्यांत निकाल लावावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडतात, ती तयारी ठेवा. शंभर रुपयांच्या बाटलीसाठी मी जाणार नाही, पण डॉक्टरचं बिल हजारांत गेलं असेल तर नक्की जाईन. केस न टाकता नुसतं आत काय आहे ते कळून घ्यायचं असेल तर ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्टच्या कलम 26 खाली कुणीही फी भरून विकत घेतलेलं कॉस्मेटिक सरकारी ॲनालिस्टकडून तपासून घेऊ शकतं, हे फारच थोड्यांना माहीत असतं.

एक नाजूक विषय. मंडळाच्या दिवाळी प्रदर्शनात काकूंच्या घरचं तेल असतं, लेबल नाही, तारीख नाही, "सगळं आपल्या बागेतलं" एवढंच. काकू चांगल्या आहेत, तेलही चांगलं असेल, पण विकायला कॉस्मेटिक बनवायचं तर लायसन्स लागतं आणि उद्या कुणाला पुरळ आलं तर मंडळात तोंड दाखवायची चोरी होईल. काकूंना बाजूला घेऊन सांगा, ग्रुपवर नको.

आणि आता ग्रुपवर लिहायचं ते. "ही कंपनी चोर आहे, विष विकते" लिहिलंत तर बदनामीची नोटीस तुम्हालाच येईल. "मी अमुक तारखेला वापरला, मला असं झालं, डॉक्टरांनी हे लिहिलं, कंपनीने हे उत्तर दिलं" एवढंच लिहा, हे खरं आहे आणि सिद्ध करता येतं. फोटोत बॅच नंबर दिसू द्या आणि विचारा की हीच बॅच आणखी कुणाकडे आहे का. कुणी निघाल्या तर त्यांनाही बाटली आणि चिठ्ठी जपायला सांगा, कारण सारखीच तक्रार असलेल्या बऱ्याच जणी असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच केस टाकता येते.