अण्णांचं वेबिल : पंपिंग कमी असलेल्या माणसाची घरची वही कशी ठेवायची

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, विटा डेपोला, ३१ वर्षं. शेवटच्या स्टॉपला प्रवासी उतरले की आधी वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरं करायचे. हिशेब जुळल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. मागच्या वर्षी धाप लागायला लागली म्हणून त्यांना मिरजेला अ‍ॅडमिट केलं. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग २५ टक्के निघालं. पंपिंग म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. सुटी देताना डॉक्टरांनी फाइल माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "घरी वजनकाटा आहे का?" माझं स्वतःचं मेडिकल आहे, २२ वर्षं चिठ्ठ्या वाचतोय. पण वजनकाटा मला कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेला दिसला नव्हता.

आधी एक भीती बाजूला करू. २५ टक्के ऐकलं की घरातली माणसं मनातल्या मनात शंभरातून वजा करतात आणि रडायला लागतात. आमची आईही रडली. पण धडधाकट माणसाचं पंपिंगसुद्धा ५५ ते ७० च असतं. शंभर कुणाचंच नसतं. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते दमलंय, रक्त पुढे नीट ढकलत नाही, मग अंगात पाणी साठतं. हे पाणी डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं.

आता वही. दोनशेपानी लांब वही घ्या, फोनमधलं अ‍ॅप नको. फोन नातवाकडे असतो. रकाने असे: तारीख, वजन, बीपी, नाडी, उशा, सूज, शेरा. शेरा हा रकाना अण्णांनी हट्टानं घालून घेतला. त्यांचं एक पान माझ्यासमोर आहे, त्यात लिहिलंय: "६१.४, १०४/६६, ६२, उशा २, सूज नाही. शेरा: दुपारी लोणचं, एक फोड."

वजन घ्यायची वेळ एकच ठेवा. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच बनियन-लुंगीवर. डिजिटल काटा सपाट फरशीवर ठेवा. सतरंजीवर ठेवला की वेगळंच काही दाखवतो. पहिल्या आठवड्यात आम्ही तेच करत होतो. शंभर-दोनशे ग्रॅमनं घाबरायचं नाही. पण तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ झाली, तर ती चरबी नाही. इतक्या दिवसांत इतकी चरबी लग्नाच्या पंगती जेवूनही चढत नाही. ते पाणी आहे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

उशांचा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्याला यंत्र लागत नाही. काल दोन उशांवर झोपणारा माणूस आज तीन मागतोय, किंवा रात्री उठून खिडकीपाशी बसतोय, म्हणजे फुप्फुसात पाणी चढतंय. सूज बघताना नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून सोडा. खड्डा राहिला तर लिहा. बीपी-नाडी पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून घ्या.

इतकं सगळं लिहायचं कशासाठी? गोळ्यांसाठी. गेल्या दहा-बारा वर्षांत या आजाराचं औषध फार बदललं. आता पंपिंग कमी असलेल्या माणसाला चार प्रकारची औषधं एकत्र देतात: सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, एक बीटा ब्लॉकर (नाडी संथ करणारी गोळी), स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. लघवीची गोळी या चौघांत धरत नाहीत. ती साठलेलं पाणी उपसते, आयुष्य वाढवतात ते हे चौघे.

यातल्या चौथीवरून, म्हणजे डापाग्लिफ्लोझिनवरून, माझ्या काउंटरवर रोज भांडण होतं. "मला शुगर नाही, ही शुगरची गोळी का दिली?" खरं सांगतो, अण्णांच्या चिठ्ठीवर पहिल्यांदा बघितली तेव्हा मीही अडखळलो होतो. ही गोळी मधुमेहासाठीच आली होती. पण २०१९ मध्ये डापा-एचएफ नावाच्या अभ्यासात पंपिंग कमी असलेल्या ४,७४४ रुग्णांवर ती तपासली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच. तरी हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं, दोन्ही मिळून २६ टक्क्यांनी कमी झालं, आणि शुगर नसलेल्यांनाही तेवढाच फायदा मिळाला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे तिचं पेटंट संपलं, डझनावारी कंपन्यांनी ती काढली आणि सामान्य माणसाला परवडायला लागली. तेव्हा शेजाऱ्याचं ऐकून ती बंद करू नका. मात्र उलट्या-जुलाब होत असतील, जेवण जात नसेल, किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर ती थांबवायची का हे डॉक्टरांना लगेच विचारा. या गोळीनं लघवीतून साखर जाते, म्हणून लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवा, खाज सुटली तर सांगायला लाजू नका.

आणखी दोन गोष्टी दुकानदार म्हणून. बीटा ब्लॉकर मेटोप्रोलॉल असेल तर स्ट्रिपवर "सक्सिनेट" लिहिलंय का ते वाचा. "टार्ट्रेट" वेगळं, हार्ट फेल्युअरमध्ये फायदा सिद्ध झालाय तो सक्सिनेटचा. आणि सॅक्युबिट्रिल सुरू झालं की घरातली जुनी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल फेकून द्या. जुनीची शेवटची गोळी आणि सॅक्युबिट्रिलची पहिली यांत ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर जीभ-घसा सुजून जिवावर बेतू शकतं.

मुख्य मुद्दा डोसचा. ही औषधं अगदी कमी मात्रेत सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. आपल्याकडे होतं असं, की सुरुवातीचा डोस वर्षानुवर्षं तसाच चालतो. पेशंट "बरं आहे" म्हणतो, डॉक्टर "चालू ठेवा" म्हणतात. २०२२ मध्ये स्ट्राँग-एचएफ नावाच्या अभ्यासाचे आकडे आले. दवाखान्यातून सुटलेल्या १,०७८ रुग्णांपैकी निम्म्यांचे डोस दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत न्यायचं ठरवलं, आणि दर वेळी तपासणी व रक्ताची चाचणी करून. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती व्हायची पाळी त्यांच्यातल्या १५.२ टक्क्यांवर आली, नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्यांत २३.३ टक्क्यांवर. फरक इतका ठळक होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवला.

पण डॉक्टर डोस वाढवणार कशाच्या जोरावर? दहा मिनिटांच्या तपासणीत त्यांना एकच बीपी दिसतं, तेही जिना चढून आलेल्या माणसाचं. आम्ही पहिल्यांदा परत गेलो तेव्हा अण्णांनी वही टेबलावर ठेवली, डेपोत वेबिल ठेवायचे तशी. डॉक्टरांनी बोट फिरवत खाली आणलं. एकही दिवस वरचं बीपी शंभराच्या खाली नाही, चक्कर नाही, वजन स्थिर. त्यांनी पन्नासची गोळी शंभरची केली आणि दहा दिवसांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट आहे का ते बघणारी रक्ताची चाचणी, करायला सांगितलं. वही नसती तर ते धाडस झालं नसतं, असं ते स्वतःच म्हणाले. अण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, "चेकर चांगला आहे."

बीपी १०२ दिसलं म्हणून स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करणारे माझ्याकडे महिन्याला चार तरी येतात. या आजारात तेवढं बीपी चालतं. उभं राहताना अंधारी येत असेल तर शेऱ्यात लिहा आणि डॉक्टरांना सांगा.

आता माझी चूक. पावसाळ्यात अण्णांचा गुडघा धरला. मी दुकानातून डायक्लोफेनॅकची स्ट्रिप आणून दिली, जेवणानंतर एक-एक. सवयीनं, विचार न करता. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी वही माझ्यापुढे धरली: ६१.४, ६१.९, ६२.८, ६३.६. उशा तीन. शेरा: "गुडघा बरा. बाकी बरं नाही." असली वेदनाशामकं मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात, हे मी डी.फार्मला शिकलोय. परीक्षेत लिहिलंयसुद्धा. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, तीन दिवस लघवीची गोळी दुप्पट केली, वजन खाली आलं. भरती टळली ती त्या चार आकड्यांमुळे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असलं काहीही कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, मेडिकलवाल्या मुलानं दिलं तरी.

जेवणाबाबत आता जरा मोकळीक आलीय. मीठ अगदीच तोडल्यानं भरती किंवा मृत्यू कमी झाल्याचं २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं नाही. पाण्याबद्दलही २०२५ मध्ये तसंच काहीसं निघालं: तब्येत स्थिर असलेल्या रुग्णांना दीड लिटरची सक्ती केली काय, न केली काय, फारसा फरक नाही; तहानेचा त्रास मात्र सक्तीनं वाढला. म्हणून पापड-लोणचं-फरसाण मोकळं सोडायचं असा अर्थ नाही. अण्णांना फोड लिहून खायची परवानगी आहे. ज्यांच्या अंगात पाणी साठलेलं आहे त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढंच प्यायचं. एक धोका मात्र कुणी सांगत नाही: "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोननं रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढतं, म्हणून ती चालू असताना ते मीठ घरात आणू नका. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, रोज प्यायची हौस नको.

बसल्या जागी धाप, गुलाबी फेसाळ खोकला, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, यांतलं काही झालं तर वही उघडत बसायचं नाही. १०८ लावायचा आणि गोळ्यांच्या स्ट्रिपांची पिशवी बरोबर घ्यायची. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही सगळ्या औषधांची नावं, डोस आणि शेवटच्या इकोची तारीख लिहून ठेवलीय. रात्रपाळीच्या डॉक्टरला तेवढं पुरतं.

वर्षानं इको केला, ३८ आलं. गोळ्या तरीही चालू आहेत, बऱ्या झाल्या म्हणून सोडायच्या नसतात. गेल्या महिन्यात अण्णा भाचीच्या लग्नाला पंढरपूरला एसटीनं गेले, दोन मुक्काम. आईनं पिशवी भरली तेव्हा आहेराच्या साडीखाली वजनकाटा होता. परतल्यावर मी वही बघितली. दोन्ही दिवस भरलेले, वजन ६१.८ आणि ६२.०. शेरा: "जिलेबी तीन. कंडक्टरनं तिकीट बरोबर फाडलं."