हाइड पार्कात घोडेस्वारी शिकायचीय? मग हे वाचा

लंडनला शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, "हाइड पार्कात घोड्यावर बसायला शिकवतात म्हणे, जाऊ का?" जा, पण पहिले धडे तिथे घेऊ नका. तासाचे पैसे विद्यार्थ्याच्या आठवड्याच्या किराण्यालाही भारी पडतात, आणि सुरुवातीला तेच ते पंचवीस वेळा करावं लागतं. त्यासाठी आइल ऑफ डॉग्सवरचं मडशूट फार्म किंवा व्हॉक्सहॉल सिटी फार्म बघा. मांड जरा बसली की मग पार्क.

माथेरानला बसलोय, हा अनुभव इथे धरू नका. तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो.

खरी परीक्षा दुडक्या चालीची. त्या चालीत घोड्याचे समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय एकदम पडतात, त्यामुळे एक-दोन, एक-दोन असा ठेका लागतो. एकला उठायचं, दोनला बसायचं. उठायचं म्हणजे रिकिबीत (खोगिराला लटकलेल्या, पाय ठेवायच्या कडीत) ताठ उभं राहायचं नाही; घोड्याच्या पाठीचा धक्काच तुम्हाला वर फेकतो, तुम्ही फक्त कंबर किंचित पुढे न्यायची. सगळे नवशिके इथे लगामाला लटकतात. त्याचा ओढा थेट घोड्याच्या तोंडातल्या लोखंडावर बसतो. तोल जातोय असं वाटलं तर मानेवरची आयाळ धरा, त्यात काही कमीपणा नाही. दुसरं, घाबरलं की माणूस पायांनी घोडा आवळतो. टाचा पोटाला लागल्या की घोड्याला वाटतं, पळायला सांगितलं! म्हणून तर शिकवणारे सारखे ओरडत असतात, "टाचा खाली, नजर वर."

पार्कात जायचं ते बेझवॉटर रोडपलीकडच्या बाथर्स्ट म्यूजमधल्या तबेल्यातून. म्हणजे आधी गाड्यांची वर्दळ आणि मग झाडं. दक्षिणेच्या कडेची रॉटन रो ही वाळूची वाट इंग्लंडचा राजा तिसऱ्या विल्यमची. केन्सिंग्टनच्या राजवाड्यातून सेंट जेम्सच्या राजवाड्याला जाताना लुटारूंचं भय, म्हणून 1690 मध्ये त्याने तिथे 300 तेलाचे दिवे लावून घेतले. रात्री दिव्यांनी उजळणारा हा ब्रिटनमधला पहिला रस्ता.

आता तिथे लुटारू नाहीत, पण मोकाट कुत्री, सायकली आणि अचानक उघडणाऱ्या छत्र्या आहेत. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे दोन्ही बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं नाही. तिथून जवळ जाऊ नका. कान कुठे वळलेत ते बघत राहा, बुजण्याआधी ते सांगतात. एप्रिल 2024 मध्ये बांधकामाच्या आवाजाने लष्कराच्या घोडदळाचे घोडे उधळून लंडनभर धावले होते. रोज रहदारीत फिरणाऱ्या, कसून शिकवलेल्या घोड्यांची ही गत. तेच घोडदळ पार्कालगतच्या नाइट्सब्रिजच्या बराकीतून रोज 10:28 ला (रविवारी 9:28 ला) पहाऱ्यासाठी निघतं. घोडा कळपातला प्राणी, समोरून दुसरे घोडे आले की त्याचं लक्ष उडतं. नवखे असाल तर ही वेळ टाळून नाव नोंदवा.

नोंदणीत वजन विचारतात, बहुतेकदा स्टोनमध्ये. एक स्टोन म्हणजे 6.35 किलो, 70 किलोचा माणूस साधारण 11 स्टोन. लाजून कमी सांगू नका, त्यावरूनच घोडा ठरतो. हेल्मेट तबेल्यात मिळतं, विकत घ्यायची घाई नको. बूट मात्र थोड्या टाचेचे हवेत, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर अडकून फरफटत जाल. स्पोर्ट्स शूज म्हणूनच चालत नाहीत. जीन्सची शिवण मांडीला सोलते, त्यापेक्षा जाड लेगिंग्ज बऱ्या. पाठीवरची सॅक आणि लोंबणारा स्कार्फ तबेल्यातच ठेवा.