नॅसकारची ओव्हल रेस बघायची कशी? (फक्त डावीकडे वळणाऱ्या गाड्या नाहीत त्या!)

नॅसकार म्हणजे अमेरिकेतली गाड्यांची मोठी रेस मालिका. "सगळे डावीकडेच तर वळतात, त्यात काय बघायचं?" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी रेसभर फक्त पुढच्या गाडीकडे बघितलेलं असतं, आणि तिथेच सगळं गंडतं. ओव्हलवर (म्हणजे लंबगोल ट्रॅकवर) सगळ्यात पुढे एकटी पळणारी गाडी ही बऱ्याचदा त्या रेसमधली सगळ्यात बोअर गोष्ट असते. बघायचं असतं ते हे की टायर झिजत चालल्यावर कोणाची गाडी सरळ राहते, कोणाची बिघडते आणि पिटमधे (टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या जागी) कोण काय जुगार खेळतो. हे एकदा डोळ्यात बसलं की मग तीन-साडेतीन तास कुठे जातात कळत नाही.

आधी ट्रॅक कुठला आहे ते बघून घ्या, कारण ओव्हल म्हटलं तरी एकासारखा दुसरा नसतो. मार्टिन्सव्हिल जेमतेम 0.526 मैलांचा, यू-पिनेच्या आकाराचा, वळणं जवळपास सपाट, तिथे ब्रेक लाल होतात आणि धक्काबुक्की चालते. डेटोना 2.5 मैल, वळणांवर 31 अंशांचा उतार. टॅलाडेगा त्याहून मोठा आणि त्याहून तिरका, 2.66 मैल आणि 33 अंश. आणि डार्लिंग्टन तर अंड्यासारखा आहे, कारण बांधताना जमीनमालकाने आपलं मासे पाळायचं तळं हलवू द्यायला नकार दिला, मग एका बाजूची वळणं आवळून घ्यावी लागली (1950 पासून सगळे ड्रायव्हर त्या तळ्याच्या नावाने बोटं मोडतायत). म्हणजे गाडी एका टोकाला छान चालेल असं सेटिंग केलं की दुसऱ्या टोकाला ती हमखास कुरकुरणार.

मग एक गाडी निवडा. आवडता नंबर, आवडता रंग, काहीही चालेल, फक्त पहिल्या पाचातली नको, साधारण दहाव्या ते विसाव्या नंबरवरून सुटणारी घ्या. आणि तिचा रेडिओ ऐका. ही नॅसकारमधली भारी सोय आहे, ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं बोलणं सगळ्यांना ऐकता येतं, ट्रॅकवर स्कॅनर भाड्याने मिळतो आणि घरी असाल तर त्यांच्या अ‍ॅपवर. रेडिओवर तीन माणसं असतात. ड्रायव्हर, क्रू चीफ (टीमचे डावपेच ठरवणारा) आणि स्पॉटर. स्पॉटर वर उंचावर उभा राहून ड्रायव्हरचे डोळे बनतो, कारण सीट आणि जाळीमधे जखडलेल्या ड्रायव्हरला शेजारी कोण आलंय ते नीट दिसतच नाही. "इनसाइड... इनसाइड... स्टिल देअर... क्लिअर" असं एका लयीत चालू असतं, आणि तो क्लिअर शब्द अर्धा सेकंद आधी निघाला तर मागे पाच-सहा गाड्यांचा चुराडा होऊ शकतो.

रेडिओवर दोन शब्द सतत येतील, लूज आणि टाइट. लूज म्हणजे वळणात गाडीचा मागचा भाग निसटायला बघतो, टाइट म्हणजे स्टिअरिंग वळवूनही नाक वळत नाही आणि गाडी भिंतीकडे ओढली जाते. ड्रायव्हर म्हणाला की आत शिरताना बरी आहे पण मधे टाइट आहे, तर पुढच्या पिट स्टॉपला काय करतात ते बघा, टायरची हवा थोडी कमीजास्त करतील किंवा पाना फिरवून चाकांवरचं वजन बदलतील. नंतरच्या दहा-पंधरा लॅपमधे कळतंच उपाय लागू पडला की अजून वाट लागली. माझ्या मते ओव्हल रेसिंगची खरी चव यातच आहे, ओव्हरटेक वगैरे नंतर.

टायरकडे लक्ष ठेवा. सतत डावीकडे वळत असल्यामुळे सगळा भार उजव्या टायरवर येतो, म्हणून कधीकधी वेळ वाचवायला फक्त उजवीकडचे दोनच बदलतात. पिट स्टॉप एकदा तरी नीट बघा. भिंतीवरून पाच जण उड्या मारतात, जॅकवाला उजवी बाजू उचलतो, दोघं चाकं खोलतात आणि बसवतात, एक जण टायर वाहतो, एक जण जड कॅन खांद्यावर घेऊन पेट्रोल ओततो, मग गाडी धप्पकन खाली आणि सगळे पुढून पळत डावीकडे. 2022 ला नवीन गाडी आल्यापासून चाकाला एकच नट असतो, आधी पाच असायचे. चांगली टीम चार टायर 9 ते 11 सेकंदात उरकते. फॉर्म्युला वनवाले हसतात, पण तिथे गाडीभोवती वीसेक माणसं असतात आणि पेट्रोल भरायचंच नसतं. शिवाय पिट रोडवर स्पीड लिमिट असते, ती थोडी जरी मोडली तरी दंड, आणि चालू रेसमधे दंड बसला की अख्खी दुपार वाया जाऊ शकते.

आता पिवळा झेंडा. नवीन माणूस इथे चहा करायला उठतो, अजिबात उठू नका! अपघात झाला किंवा ट्रॅकवर काही पडलं की पिवळा लागतो, सगळ्या गाड्या पेस कारच्या (पुढे हळू चालणाऱ्या अधिकृत गाडीच्या) मागे एकत्र येतात आणि पहिल्याची कमावलेली आघाडी शून्य होते. खरे निर्णय इथेच होतात. सगळे पिटमधे शिरले आणि एक जण जुन्या टायरवर बाहेरच राहिला तर तो पहिला येतो, पण मागून ताज्या टायरवाले येऊन त्याला खाणार की नाही हाच प्रश्न. लॅपने मागे पडलेल्यांपैकी सगळ्यात पुढच्याला एक लॅप फुकट परत मिळते, म्हणून पंचविसाव्या नंबरसाठी सुद्धा कधीकधी जीव तोडून भांडण चालू असतं. आणि रीस्टार्टला दोन रांगा असतात, आतली की बाहेरची ते ड्रायव्हरने निवडायचं, तेव्हा कोण कुठे जातो ते बघा म्हणजे त्या दिवशी कुठली लाइन पळतेय ते लगेच कळतं.

2017 पासून रेसचे तुकडे केलेत, त्यांना स्टेज म्हणतात, शेवटची सोडून प्रत्येक स्टेजच्या शेवटी पहिल्या दहांना पॉइंट. जुन्या लोकांना आवडत नाही, मला चालतं.

डेटोना आणि टॅलाडेगाला मात्र वरचं बरंचसं विसरा. तिथे इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतात. 1987 ला टॅलाडेगाला बिल इलियटने ताशी 212.809 मैलांच्या वेगाने क्वालिफाय केलं आणि त्याच वीकेंडला बॉबी अ‍ॅलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या कुंपणावर आदळली, तेव्हापासून लगाम आला. आता सगळे एकाच वेगाने, एकमेकांना चिकटून, हवेच्या ओढीवर पळतात, एकटा पडला की संपला. हल्ली तर रेसच्या मधल्या भागात पेट्रोल वाचवायला मुद्दाम अर्ध्या पेडलवर चालवतात, म्हणजे पिटमधे कमी वेळ उभं राहायला लागेल. ते कंटाळवाणं दिसतं, खरंय, पण शेवटच्या वीस लॅप चुकवू नका.

प्रत्यक्ष ट्रॅकवर जाणार असाल तर सीट वरच्या रांगेतली घ्या. खालून फक्त समोरून सुसाट जाणारं रंगीत काहीतरी दिसतं आणि अंगावर रबराचे बारीक तुकडे येतात, वरून अख्खा ट्रॅक दिसतो. कानाला प्लग किंवा हेडफोन हवेतच, लहान मुलं असतील तर नक्कीच. टोपी, सनस्क्रीन, पाणी. मोठ्या ओव्हलवर पावसात रेस होत नाही, ट्रॅक वाळवायला बराच वेळ जातो, कधीकधी दुसऱ्या दिवशी होते, तेव्हा लगेच परतीचं विमान बुक करू नका.

शेवटची लॅप मात्र पूर्ण बघा, तुमची गाडी दहावी का असेना. ऑक्टोबर 2022 ला मार्टिन्सव्हिलला रॉस चॅस्टेनला सीझनच्या चॅम्पियनशिप फायनलमधे जायला दोन जागा कमी पडत होत्या, पठ्ठ्याने शेवटच्या वळणांत ब्रेकच लावला नाही, गाडी भिंतीला घासत पाचव्या गिअरमधे फुल्ल दाबली आणि पाच जणांना मागे टाकलं. नंतर नॅसकारने असलं पुन्हा केलं तर दंड असं जाहीर करून टाकलं, म्हणजे ते पुन्हा दिसणं नाही.

आणि जिंकला म्हणून लगेच खूश होऊ नका, रेसनंतर गाडी तपासतात. जुलै 2022 ला पोकोनोला पहिला आलेला डेनी हॅमलिन आणि दुसरा काइल बुश, दोघंही तपासणीत बाद झाले आणि एकही लॅप पुढे नसलेला चेस एलियट विजेता ठरला. तसंही पार्किंगमधून बाहेर पडायला तास-दोन तास लागतातच, तेवढ्यात फोनवर निकाल पक्का झाला का ते बघून घ्या.