रॅम खातंय कोण? पेज टेबल बघा
२५६ जीबीचा सर्व्हर, तरी पोस्टग्रेस या डेटाबेसवर गर्दी झाली की मेमरी पुरत नाही? आधी लिनक्सच्या 'प्रॉक' फोल्डरमधल्या मेमइन्फो फाइलमधली 'पेजटेबल्स' ही ओळ बघा. इंटेल-एएमडी मशीनवर लिनक्स एरवी ४ केबीच्या पानांत मेमरी वाटतं आणि दर पानामागे ८ बाइटची नोंद ठेवतं. या नोंदींची वही म्हणजेच पेज टेबल. शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसने डेटासाठी रॅममध्ये राखलेली सामायिक जागा, ६४ जीबी असतील तर ही वही १२८ एमबीची. त्यात पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनची प्रोसेस वेगळी, म्हणून वहीही वेगळी. २०० कनेक्शनं सगळे बफर चाळून बसली, की २५ जीबी नुसत्या हिशेबात गेले!

२ एमबीची ह्यूज पेजेस (मोठी पानं) वापरा, तीच वही २५६ केबीवर येते. ६४ जीबीला ३२,७६८ पानं लागतात. वर हजारेक जादा धरा. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) 'एनआर ह्यूजपेजेस' सेटिंगला हा आकडा शक्यतो बूट होतानाच द्या, नंतर सलग जागा मिळेलच असं नाही. आणि पोस्टग्रेसचं 'ह्यूज पेजेस' सेटिंग 'ट्राय'वर ठेवू नका, 'ऑन' करा. 'ट्राय'वर पानं कमी पडली तर तो गुपचूप ४ केबीवर जातो, अन् राखून ठेवलेली रॅम अडकून पडते ती वेगळीच.