पालक उदासीन आहेत, असं म्हणण्याआधी: शिक्षकांच्या प्रशिक्षणात या चुका टाळा

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 22 वर्षं शिकवतोय. अलीकडची काही वर्षं केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सुलभक (चर्चा चालवणारा) म्हणूनही उभा राहतो. 'समाजाचा सहभाग आणि विविधता' हा विषय दरवर्षी कुठल्या तरी नावानं येतोच. गट पडतात, चार्टपेपर वाटले जातात, सादरीकरणं होतात. मग चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतं, "सर, हे सगळं बरोबर आहे, पण आमच्याकडचे पालकच उदासीन आहेत." मीही हे वाक्य पुष्कळ वर्षं बोललो. आज ते मला चुकीचं वाटतं, आणि आपली प्रशिक्षणंच ते पक्कं करून देतात, असं माझं मत झालंय.

विविधता म्हणजे वेशभूषा नव्हे

'आपल्या शाळेतील विविधता दाखवा' असं सांगितलं की दहापैकी आठ गट नऊवारी, फेटा, घागरा आणि लमाणी बायकांची आरशांची फेटिया काढतात. स्नेहसंमेलनात तांड्यावरच्या, म्हणजे लमाण (बंजारा) वस्तीवरच्या, मुली लमाणी नाच करतात, टाळ्याही पडतात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच मुलींची भाषा मात्र चूक ठरते.

हे मी स्वतः केलंय. पहिलीच्या वर्गात चित्रतक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "ही कोण?" सगळे ओरडले, "आई!" पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "याडी." मी लगेच दुरुस्त केलं, "याडी नाही बाळ, आई म्हणायचं." आवाज चढवला नव्हता, रागही नव्हता. पण ती पोर त्यानंतर दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडेना, आणि दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. सहा वर्षांच्या मुलीला मी तिच्या आईचं नावच चुकीचं आहे असं सांगून बसलो होतो. ते अजून मनातून जात नाही.

पुढच्या वर्षापासून फळ्यावर दोन रकाने केले: आई – याडी, भाकरी – बाटी. गोरमाटी, म्हणजे लमाणांच्या बोलीतले, शब्द सांगायला चौथीतल्या तांड्यावरच्या मुलाला बोलावलं. महिनाभरात गावातली मुलंही ते शब्द वापरू लागली. याला खर्च काहीच नव्हता. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा असं सांगतं. ते वाक्य प्रशिक्षणात वाचून दाखवलं जातं, पण आपल्या वर्गात कोणत्या घरभाषा आहेत हे कुणी विचारत नाही.

म्हणून आता मी चार्टपेपर वाटत नाही. प्रत्येक शिक्षकाला कोरा कागद देतो आणि आपल्या वर्गातल्या मुलांची नावं आठवून लिहायला सांगतो. नावापुढे घरात बोलली जाणारी भाषा, शाळेत किती दूरवरून चालत येतं, घरात वाचता येणारं कोण आहे आणि हंगामात कोण बाहेरगावी जातं, एवढंच लिहायचं. बहुतेकांचे निम्मे रकाने रिकामे राहतात. प्रशिक्षण त्या रिकाम्या रकान्यांवरच व्हायला हवं.

सकाळी अकराची पालकसभा

पालकांशी नियमित बैठका घेणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार शिक्षकाचं कर्तव्य आहे. आपण ते अकरा वाजता, कामाच्या दिवशी, शाळेत पार पाडतो. त्या वेळी आई खुरपणीला गेलेली असते आणि सभेला येणं म्हणजे तिचा रोज बुडणं. आली तरी दाराशी उभी राहते, कारण खुर्च्यांवर आपण आणि गावातली चार माणसं बसलेली असतात.

आम्ही सभा तांड्यावर नेली. आधी नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, भेटून वेळ त्यालाच ठरवायला सांगितली. रात्री साडेआठला, जेवणं झाल्यावर, सेवालाल महाराजांच्या देवळापुढे सतरंजी टाकली आणि आम्हीही खालीच बसलो. पहिल्या दिवशी चार माणसं आली. त्यातल्या एका आईनं अर्ध्या तासानं विचारलं, "गुरुजी, आमी कारखान्यावर गेलो की पोरीचं नाव काटता का?" नाव कापतील, बोलणी बसतील, या भीतीनं ती शाळेच्या आसपास फिरकत नव्हती, आणि आम्ही तिला उदासीन म्हणत होतो.

हंगाम सुरू झाल्यावर जागं होणं

दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, मजूर नेणारा मुकादम थांबत नाही. पट ओस पडल्यावर यादी करण्यात काही अर्थ नसतो. हे काम श्रावण-भाद्रपदात व्हायला हवं: कोणत्या घरातून कोण जाणार, कोणत्या कारखान्याकडे, मुकादमाचा फोन नंबर काय, आजीजवळ कोणतं मूल राहू शकेल. हंगामी वसतिगृहाचा प्रस्तावही तेव्हाच गेला तर उपयोग. जाणाऱ्या मुलाच्या हातात, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड द्या आणि ते कशासाठी हे आईला नीट समजावून सांगा, नाहीतर ते कोपीत (ऊसतोडीवरच्या झोपडीत) ट्रंकेच्या तळाशी पडून राहतं.

परत आलेल्या मुलाला मागच्या बाकावर बसवणं ही याच्याही पुढची चूक. कायद्याच्या कलम 4 मध्ये वयानुरूप वर्ग आणि मागे पडलेल्या मुलासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय आहे. शिवाय या मुलांनी सहा महिन्यांत उसाच्या मोळ्या मोजलेल्या असतात, वजनकाट्यावरचे आकडे पाहिलेले असतात. गणिताचा पहिला तास तिथूनच सुरू करता येतो.

जात सांगून उभं करणं

"एससीची मुलं उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत." हे वाक्य आजही वर्गावर्गांतून ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पण चाळीस मुलांसमोर उभं राहणाऱ्या मुलाला त्या क्षणी काय वाटतं, हे प्रशिक्षणात कुणी विचारत नाही. फॉर्म पालकाला बोलावून द्या किंवा मुलाच्या दप्तरात बंद पाकिटात ठेवा. 'सवलतीवाली मुलं' हा शब्द शिक्षकखोलीतूनही काढून टाका, कारण तो भिंतीपलीकडे ऐकू जातो. खिचडीच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, हे एक आठवडा नुसतं पाहा. पाहिलेलं मुख्याध्यापकांशी बोला, मुलांना तिथल्या तिथे भाषण देऊ नका.

सह्यांपुरती समिती

शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. दुर्बल व वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. कागदावर हे सगळीकडे जुळलेलं असतं. प्रत्यक्षात इतिवृत्त घरी नेऊन सही किंवा अंगठा घेतला जातो, नाहीतर बायकोच्या जागी नवरा येऊन बसतो. यावर आमच्याकडे एक उपाय चालला. प्रत्येक बैठकीत एक तरी खरा निर्णय सदस्यांवर सोडायचा आणि तो पाळायचा. पहिल्यांदा विचारलं, आधी पाण्याची टाकी की मुलींच्या संडासाचं दार? एका सदस्य बाईनं लगेच सांगितलं, दार. तिची मुलगी आठवडाभर पाणीच पीत नव्हती. हे आम्हा शिक्षकांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दार बसलं, आणि पुढच्या बैठकीला ती शेजारच्या दोघींना घेऊन आली.

तास भरण्यासाठीचं प्रशिक्षण

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवलीय. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून ते तास भरतात, प्रमाणपत्रही मिळतं. त्यातला एक तास शिक्षण परिषदेत असा वापरा: एका शिक्षकानं आपला फसलेला प्रयत्न सांगायचा आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. दुसरा तास एखाद्या आईला बोलायला द्या. तिचा बुडणारा रोज आम्ही वर्गणी काढून दिला होता. मानधन म्हणून दिला, मदत म्हणून नव्हे.

एवढं करूनही कुणी आलं नाही तर

आधी तारीख तपासा. आठवडी बाजार होता का, सोयाबीनची काढणी चालू होती का? मग निरोप कुणी दिला ते पाहा. मुलांच्या हाती पाठवलेली चिठ्ठी ज्या घरात वाचता येत नाही तिथे पोचलेलीच नसते. मागच्या सभेत लोकांनी काय मागितलं होतं आणि त्याचं काय झालं, हेही आठवा. आणि पहिल्या काही भेटींत फोटो काढू नका. आमच्या दुसऱ्या सभेत अहवालासाठी मोबाइल वर झाला, तशा बायका पदर पुढे ओढून एकेक करून उठल्या. तिसरी सभा भरायला पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत वाट पाहावी लागली, आणि तोवर सात घरं कारखान्याच्या वाटेला लागली होती.