व्हायरसचं नाव नंतर वाचा

अमेरिकन मेडिकल बिलिंगमध्ये नव्याने आलेल्या आणि लॅबचे चार्ट हातात पडले की घाम फुटणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सीपीटी (तपासण्या-उपचारांचे कोड), आयसीडी (आजारांचे कोड), मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) ही तोंडओळख झालीय असं धरते.

नवीन माणूस अडतो तो एकाच जागी, मीही तिथेच रखडले होते. ऑर्डरमध्ये 'हेपटायटिस सी' दिसलं की आपण थेट कोडबुकाचा इंडेक्स उघडतो. तसं करू नका. विषाणू एक, सीपीटी कोड अनेक. शरीराने तयार केलेली अँटिबॉडी शोधली असेल तर ८६८०३. विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) अ‍ॅम्प्लिफाय करून, म्हणजे त्याच्या प्रती वाढवून, फक्त 'आहे की नाही' पाहिलं असेल तर ८७५२१. तोच आरएनए मोजला, म्हणजे व्हायरल लोड काढला, तर ८७५२२. एचआयव्हीतही तेच: आहे-नाही ८७५३५, मोजणी ८७५३६. म्हणून आधी रिपोर्टमधली 'मेथड'ची ओळ वाचा, मग निकाल आकड्यात आहे का ते बघा, व्हायरसचं नाव त्यानंतर. अँटिबॉडी विषाणू गेल्यावरही रक्तात राहते, म्हणून तर डॉक्टर पुढे आरएनए मागवतात. एकाच पेशंटच्या नावावर दोन्ही दिसले तर डुप्लिकेट समजून एक उडवू नका.

कोविडची रॅपिड अँटिजेन त्याहून चिवट. पट्टी डोळ्यांनी वाचली तर ८७८११, यंत्राने वाचली तर ८७४२६. चार्टमध्ये स्पष्ट नसेल तर क्वेरी टाका, म्हणजे लेखी विचारा. अंदाजाने कोड लावलात तर डिनायल (विमा कंपनीने बिल नाकारणं) तुमच्याच नावावर येणार.

सीनियर मंडळी कोडची एक 'रेडीमेड शीट' फिरवत असतात. माझं त्यांच्याशी पटत नाही. ८७६३५ हा कोविड पीसीआरचा कोड १३ मार्च २०२० ला, वर्षाच्या मध्येच लागू झाला. जानेवारीची शीट तिथे काय कामाची? 'पाठ कर, प्रश्न विचारू नकोस' म्हणणाऱ्या ट्रेनरपेक्षा तुमच्याबरोबर रिपोर्ट उघडून बसणारा शोधा, मग तो कितीही चिडका असो.

घाबरू मात्र नका. सुरुवातीला प्रत्येक चार्टला वेळ लागतोच, आणि टार्गेटच्या भीतीने घाई केली की नेमकी मेथडचीच ओळ सुटते.

जाता जाता, अ‍ॅक्यूट हेपटायटिस पॅनेल ८००७४: त्यातल्या चारही तपासण्या झाल्या असतील तरच लावा. एक जरी राहिली असेल, तर झालेल्या तीन सुट्या कोड करा.